निळ्या ड्रमातला निजलेला जिवाणू

मित्रांनो, मी एक जुना बीजाणू आहे. जुना म्हणजे किती, हे मला सांगता येणार नाही. निजलेल्याला वय मोजता येत नाही. अशा कहाण्या बहुधा हळव्या सुरात सांगतात. माझी तशी नाही. मला राग आला आहे आणि त्याचे कारण मी क्रमाने सांगणार आहे.

मला कान नाहीत, डोळेही नाहीत. मग माणसांची बोलणी याला कशी ऐकू आली, असे तुम्ही विचाराल. विचारलेच पाहिजे. फुटक्या पाटीला आणि मोडक्या छत्रीला तुम्ही कहाणी सांगण्यापुरती जी सवलत देता, तेवढीच मला द्या. बाकी माझ्या कोणत्याही विधानाला सवलत देऊ नका.

आधी बीजाणू म्हणजे काय ते ऐका. आमच्या कुळातल्या जिवाणूंवर उपासमारीची वेळ आली, की ते स्वतःभोवती टणक कवच बांधतात, आतले पाणी जवळजवळ आटवतात आणि निजतात. त्या निजलेल्या रूपाला बीजाणू म्हणतात. बीजाणूला ऊन सोसते, कोरडा चिखल सोसतो, बराच वेळ उकळते पाणीही सोसते. मग कधीतरी अन्न मिळते, आम्ही जागे होतो आणि कवच टाकून देतो. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. जागा झालेला जिवाणू उघडा असतो. माझ्या भावंडांवर झालेला सगळा अन्याय त्या उघडेपणात झाला.

रामटेकच्या गडापलीकडे धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी देणारा एक मालगुजारी तलाव आहे, जुन्या जमीनदारांच्या काळचा. त्याच्या तळाच्या चिखलात माझा जन्म झाला. पळसाची कुजलेली पाने, शेण, मेलेले किडे, जे पडेल ते आम्ही फोडायचे आणि पाणी राहण्याजोगे ठेवायचे, हे आमचे काम. त्यासाठी कोणी आमचे आभार मानले नाहीत. आम्हीही ते मागितले नाहीत.

तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात. त्या पाळीखाली तीन बोड्या आहेत. बोडी म्हणजे लहानसे तळे. गावच्या मच्छीमार संस्थेने तिथे झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, वाढवायला घेतले होते आणि बोड्यांची देखरेख जयवंताबाई व तिच्या गटातल्या बायकांकडे दिली होती. जयवंता पन्नाशीची, अंगाने काटक आणि जिभेने त्याहून काटक. झिंग्यांचे पहिले पीक चांगले आले. नंतर रोग आला. कवचावर काळे डाग पडायचे, मिशा गळायच्या, झिंगे सुस्त होऊन काठाला लागायचे आणि मरायचे.

मग कोणीतरी नागपूरच्या लकडगंजातल्या एका दुकानातून कोंबड्यांचे अँटिबायोटिक आणले आणि खाद्यात कालवले. मात्रा कोणाला ठाऊक नव्हती. रोग कोणत्या जंतूचा हेही ठाऊक नव्हते. पहिल्या खेपेला मर थांबली, दुसऱ्या खेपेला थोडी कमी झाली, तिसऱ्या खेपेला काहीच झाले नाही. यात नवल नव्हते. औषधाने जे जंतू मरायचे ते मेले. ज्यांना ते औषध बाधत नव्हते त्यांना मोकळे रान मिळाले आणि त्यांचीच संतती वाढली. आमच्यासारखे निरुपद्रवी मात्र चिखलात फुकट मेले. गुन्हेगाराला सोडून शेजाऱ्यांना फाशी देण्याचा हा प्रकार होता. माझ्या रागाची सुरुवात इथली.

सलग दोन पिके बुडाल्यावर संस्थेचे अध्यक्ष रामाजी यांनी जाहीर केले, की पुढचे पीक बुडाले तर बोड्या बाहेरच्या ठेकेदाराला देण्याचा ठराव सभेपुढे मांडू. त्या बोड्या हेच जयवंताच्या गटाचे काम होते, आणि बायकांना संस्थेच्या सभेत खुर्ची मिळत होती तीही त्या कामामुळेच.

त्याच उन्हाळ्यात नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून रोशनी आली. ती जिवाणूशास्त्र शिकलेली होती. कोणीही काही सांगितले तरी स्वतः तपासल्याशिवाय मानायचे नाही, हे तिला कॉलेजात जाण्याआधीच घरी शिकवले गेले होते. तिने तलावाचा चिखल बाटलीत भरला आणि नागपूरला नेऊन ऐंशी अंशांवर तापवला. इतर सगळे मेले, आम्ही बीजाणू उरलो. निवड करण्याची ही पद्धत मला आवडली नाही, पण तिच्या काटेकोरपणाबद्दल माझी तक्रार नाही.

तिने आम्हाला काचेच्या तबकडीवर वाढवले. त्याच तबकडीवर आजारी झिंग्याच्या अंगातला रोगजंतू पसरलेला होता. आमच्याभोवती एक स्वच्छ कडे उमटले. तिथे रोगजंतू वाढू शकला नाही. तिच्या जागी दुसरे कोणी असते तर त्याच संध्याकाळी पेढे वाटले असते. रोशनी स्वतःशीच म्हणाली, "तबकडीवर तर कोणीही जिंकते." मग तिने प्लास्टिकच्या टाक्यांत झिंगे ठेवले. काही टाक्यांत आम्हाला सोडले, काहींत सोडले नाही आणि सगळ्यांत रोगजंतू घातला. आम्ही होतो तिथे मर कमी झाली. शून्य नाही, कमी. तेवढेच तिने सांगितले. मला तिचा अभिमान वाटला, कारण तिने माझा वाजवीपेक्षा जास्त अभिमान बाळगला नाही.

आमची भुकटी पुड्यांत भरून ती जयवंताकडे घेऊन आली आणि पोषणद्रव्ये, स्पर्धात्मक वर्जन, वसाहत असे काहीबाही सांगू लागली. जयवंताने तिला मध्येच थांबवले.

"पोरी, हे पुडीतलं गुळाच्या पाण्यात टाकाचं, झाकून ठेवाचं, अन् सकाळी ते फसफसते. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे विरजण हाय म्हण ना! मंग मघापासून एवढी पोथी काहून वाचून राहिली होती वं?"

रोशनी हसली. "विरजणच, मावशी. पण ही रोगाची दवाई नाही. रोगाचे जंतू यायच्या आधी हे जागा धरून बसतात, त्यांचं खाणं खाऊन टाकतात. एवढंच."

"एसटीत रुमाल टाकून सीट धरते तसं."

"तसंच. अन् एक लक्षात ठेवा. पाणी बोडीचंच घ्याचं, नळाचं नाही. ब्लीचिंग, विहिरीत टाकतात ती लाल दवाई, अँटिबायोटिक, यातलं काहीही या ड्रमाच्या जवळ येऊ द्याचं नाही. ज्यानं जंतू मरते, त्यानं हेही मरते."

तो निळा प्लास्टिकचा ड्रम पाळीवरच्या झोपडीत ठेवला गेला. गूळ, कोंडा, बोडीचे पाणी आणि आम्ही. माझी भावंडे गुळाचा वास लागताच जागी होत. एकाचे दोन, दोनाचे चार, सकाळपर्यंत ड्रम आंबूस दरवळायचा. संध्याकाळी जयवंता तो बोड्यांत ओतायची. मी मात्र ड्रमाच्या आतल्या एका ओरखड्यात चिकटून राहिलो होतो आणि जागा झालो नव्हतो. आमच्यात काही जण असे उशिरा उठणारे असतातच. ती हुशारी नव्हे, निव्वळ योगायोग. मी वाचलो तो त्यामुळेच.

काही महिने सगळे बरे चालले. बोडीच्या तळाची घाण कमी झाली, झिंग्यांची कवचे स्वच्छ दिसू लागली. लगेच कौतुक सुरू झाले आणि त्याचाही मला राग आला. पाऊस वेळेवर आला तेही आमच्यामुळे, एकाची म्हैस गाभण राहिली तीही ड्रमातले पाणी प्यायल्यामुळे! भिवापूरच्या कोणी पाहुण्याने ड्रमातले पाणी बाटलीत भरून मिरचीवर फवारायला नेले. दसऱ्याला ड्रमाला झेंडूचा हार घातला गेला. मित्रांनो, ज्याचे कौतुक पुराव्याशिवाय होते, त्याची बदनामीही पुराव्याशिवायच होते. तो हार पाहूनच मला ओळखायला हवे होते.

एके दिवशी निरोप आला, की नागपूरहून मत्स्यव्यवसाय खात्याचे मोठे साहेब हा प्रयोग बघायला येणार. रामाजी पहाटेपासून पाळीवर उभे. हा माणूस वाईट नव्हता. ग्रामपंचायतीत असताना प्रत्येक जत्रेच्या आधी गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम त्यांनी स्वतःच्या हाताने केले होते आणि गावात कावीळ आली नव्हती, याचा त्यांना रास्त अभिमान होता. ते झोपडीत आले आणि त्यांनी नाकाला उपरणे लावले.

"वं जयवंता! साहेब येऊन राहिले, अन् ड्रमाचा वास कसा मारून राहिला! लोक म्हणतीन, झिंग्याले सडकं खाऊ घालते."

"भाऊ, वास येते म्हणजे ते जिवंत हाय."

"जिवंत हाय म्हणूनच त वास मारते! काही समजते का तुले?"

"मले नसन समजत. तुमी हात नोका लावू, बस्स." असे बजावून जयवंता हारफुले आणायला गावात गेली.

तिची पाठ वळताच रामाजींनी विहिरीसाठी आणलेला ब्लीचिंगचा पांढरा डबा उघडला, दोन मुठी ड्रमात टाकल्या आणि काठीने ढवळले. त्यांच्या लेखी ही स्वच्छता होती.

माझी भावंडे तेव्हा सगळी जागी होती. उघडी होती. कवच बांधायला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांना मिळाला नाही. क्लोरीन जिवाणूची त्वचा फोडतो, आतली यंत्रणा जाळतो. अख्खा ड्रमभर वंश सकाळच्या चहाला लागतो तेवढ्या अवधीत संपला. मी ओरखड्यात, कवचात, गुळाच्या चिकट थराखाली होतो. मी उरलो. मला ते ऐकू आले असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण त्यानंतर ड्रम गप्प होता, एवढे नक्की.

दुपारी साहेब आले. तोवर क्लोरीनचा दर्पही ओसरला होता. त्यांनी ड्रममध्ये डोकावले आणि ते म्हणाले, "वा! मी ऐकलं होतं फार वास येतो म्हणून. इथे तर काहीच नाही. याला म्हणतात स्वच्छ काम!" मग त्यांनी मगाने मेलेले पाणी बोडीत ओतले आणि फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. तो फोटो चौकटीत बसवून संस्थेच्या भिंतीवर लावला गेला. अब्जावधी मृतांच्या ड्रमाशेजारी हसणारा माणूस.

चूक इथेच थांबली असती तर मी आज कवच घट्ट धरून गप्प राहिलो असतो. पण साहेबांनी जे वाखाणले, तोच नियम झाला. रामाजी रोज सकाळी येऊन, कोणाला न सांगता, सेवा म्हणून ड्रमात दोन मुठी टाकू लागले. जयवंता संध्याकाळी ते ओतायची. तिला वास येईनासा झाला तेव्हा तिने विचारलेही, "भाऊ, आजकाल ड्रम आंबतच नाही. पुड्याच जुन्या झाल्या का काय?"

"सुधारला म्हण," रामाजी म्हणाले. "साहेबाले बी तसाच आवडला."

बोड्यांना जिवाणू मिळणे बंद झाले आणि गावाला मात्र वाटत राहिले की ते मिळत आहेत. यापेक्षा वाईट अवस्था नसते. काही न देणारा निदान सावध तरी असतो.

मग खालच्या बोडीतले झिंगे काठाला लागले. काळे डाग, गळालेल्या मिशा. जयवंता गुडघाभर पाण्यात उतरून एकेक उचलून पाहत होती आणि तिच्या ओंजळीत ते मरत होते. आठवड्याभरात खालची बोडी संपली आणि मधल्या बोडीत डाग दिसू लागले. गावात लगोलग निकाल लागला, की नागपूरच्या पोरीचे जंतूच झिंगे खाऊन राहिले. हार घालणारे तेच आणि हे म्हणणारेही तेच. रामाजींनी ठेकेदाराच्या ठरावासाठी सभा बोलावली.

जयवंताने रोशनीला फोन केला. "तुह्ये जंतू मेले का फितूर झाले, ते येऊन सांग. मंग मी सभेत काय बोलाचं ते पाहतो."

रोशनी आली. तिने ड्रममध्ये बोट बुडवले, वास घेतला, नमुना घेतला आणि नागपूरला परतली. ती पुन्हा आली तेव्हा तिच्या हातात एक तबकडी होती. तबकडी कोरी होती.

"मावशी, या ड्रमात काहीच जिवंत नाही. काय टाकलं याच्यात?"

"गूळ, कोंडा, पुडी. शपथ घेऊ का?"

रामाजी बाजूलाच विडी ओढत बसले होते. त्यांनी अगदी सहज सांगितले, "अन् ब्लीचिंग. मीच टाकतो ना रोज सकाळी. विहिरीत टाकतो तसं."

 मग जयवंता उठली.

"रोज सकाळी! अन् मले सांगाले तोंड नव्हतं का गा? मी हिले शिव्या देऊन राहिलो, पुडीले शिव्या देऊन राहिलो, अन् तुमी खुशाल ड्रम धुऊन राहिले!"

"चांगल्यासाठीच केलं वं. ब्लीचिंगनं कुठं काही मरते? त्या विहिरीचं पाणी पिऊन आपण मेलो का?"

"आपण जंतू आहो का, काका?" रोशनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिने कोरी तबकडी त्यांच्यापुढे धरली. "विहिरीत जंतू मारायचे असतात म्हणून तुम्ही ब्लीचिंग टाकता. इथं जंतू वाढवायचे आहेत. एकच दवाई दोन्ही कामं कशी करीन?"

"साहेबानं सोता तारीफ केली," रामाजी म्हणाले. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

उरलेल्या दोन बोड्यांचे काय करायचे यावरून रोशनी आणि जयवंता यांच्यातही भांडण झाले. रोशनीला वरच्या बोडीत ताजे विरजण ओतायचे होते आणि मधली तशीच ठेवायची होती, म्हणजे फरक कळला असता. जयवंता म्हणाली, "माह्ये झिंगे मरू देऊ तुह्या फरकासाठी? तू पास होशीन, मी बसीन मसणात." शेवटी ताजे विरजण दोन्ही बोड्यांत गेले, शिवाय पाणी बदलले आणि खाद्यही कमी केले. मधल्या बोडीतली मर थांबली. आमच्यामुळे थांबली का, असे तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. रोशनीलाही माहीत नाही आणि तिने तसे स्पष्ट सांगितले. तीन गोष्टी एकदम केल्यावर कोणत्या एकीला हार घालता येत नाही.

पण सभेला असे उत्तर चालणार नव्हते. रामाजी सभेत म्हणणार होते, की ब्लीचिंगने काही होत नाही, जंतूच वाईट होते आणि बोड्या ठेकेदाराला द्याव्यात. तेव्हा रोशनीने जयवंताच्या घरी बसून विचारले, "मावशी, घरी दूध आहे?"

सभेच्या आदल्या संध्याकाळी संस्थेच्या ओसरीवर दोन सारखी गाडगी ठेवली गेली. एकाच भांड्यात तापवून कोमट केलेले दूध दोन्हींत ओतले. एकाच दह्याचे विरजण दोन वाट्यांत घेतले. जयवंताने रामाजींना बोलावले.

"भाऊ, यातल्या एका वाटीत तुमच्याच हातानं ब्लीचिंग टाका. थोडंसंच. तुमी म्हणता ना, त्यानं काही मरत नाही."

"टाकतो ना! भेतो का मी?" रामाजींनी चिमूटभर टाकले आणि ढवळले. दोन्ही वाट्या दोन गाडग्यांत गेल्या. ब्लीचिंग गेले त्या गाडग्यावर त्यांनीच कोळशाने खूण केली. झाकणे बसली, ओसरीला कुलूप लागले आणि किल्ली रामाजींच्याच खिशात गेली. बोडीत जी तुलना मिळाली नाही ती रोशनीला दुधात मिळाली.

सकाळी सभेसमोर रामाजींनीच झाकणे काढली. एका गाडग्यात दही लागले होते, घट्ट, बोट घातले तर खड्डा पडेल असे. खूण केलेल्या गाडग्यात दूध होते. पातळ, हलणारे दूध. गावातली प्रत्येक बाई पुढे येऊन दोन्ही गाडगी हलवून पाहत होती. त्यांच्यापैकी एकीलाही जिवाणूशास्त्र समजावून सांगावे लागले नाही. एक म्हातारी एवढेच म्हणाली, "अरे रामाजी, तुनं त विरजणच मारलं रे."

रामाजींनी खूण केलेले गाडगे स्वतः उचलून हलवले, पुन्हा हलवले आणि खाली ठेवले. ठेकेदाराचा ठराव त्यांनी मांडलाच नाही. बोड्या जयवंताकडे राहिल्या. ते गाडगे तिने उकिरड्यावर रिकामे केले आणि फोडून टाकले.

तुम्हाला वाटेल, आता याचा राग गेला असेल. नाही गेला. खालच्या बोडीतले झिंगे परत येणार नाहीत. माझी भावंडे परत येणार नाहीत. रामाजींनी माफी मागितली नाही आणि साहेबांचा फोटो अजून भिंतीवर आहे. चौकट पुसली जाते, हारही बदलला जातो. एवढे सगळे दोन गाडग्यांनी कळणार होते, तर ती गाडगी पहिल्याच दिवशी का मांडली नाहीत, हे मी कोणाला विचारू?

म्हणून, मित्रांनो, माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. जंतू म्हटले की मारायला धावू नका आणि उपयोगी जंतू म्हटले की हार घेऊनही धावू नका. पाकिटावर काहीही छापलेले असो, आतले जिवंत आहेत का, ते विचारा. गुण आला असे कोणी म्हणाले तर कशाच्या तुलनेत, ते विचारा. आणि ज्याचा वास तुम्हाला आवडत नाही ते मेलेलेच बरे, असे कधी ठरवू नका.

त्या ओरखड्यात मी अजून आहे. जयवंताने आज ड्रम नुसत्या बोडीच्या पाण्याने धुतला आणि आता गूळ विरघळतो आहे. गोडवा कवचापर्यंत पोहोचला आहे. या वेळी मी उठायचे ठरवले आहे. एकदा कवच टाकले की माझ्याजवळ संरक्षण उरणार नाही.

तो पांढरा डबा तेवढा झोपडीबाहेर ठेवा.